दुसरा कोण उठतो

14 ऑगस्ट 2002ची रात्र. चर्चगेटहून बोरिवलीला निघालेली लोकल, सेकंड क्लासचा डबा. त्या डब्यात एका गतिमंद अल्पवयीन मुलीवर बलात्कार झाला, आणि डबा रिकामा नव्हता. पाच प्रवासी बसलेले होते. त्यांतला एक पत्रकार होता. त्यानं पुढे ते लिहिलं. नंतर कितीतरी दिवस लोकलमध्ये दुसरा विषय नव्हता. लेडीज डब्यात भाजी निवडता निवडता बायका तेच बोलत, ऑफिसात डबा खाताना तेच. आणि सगळीकडे बोलणं एकाच जागी येऊन अडकायचं. कुणीतरी तावातावानं म्हणायचं, "पाच जण होते, पाच! एकालाही उठावंसं वाटलं नाही?" मग दुसरं कुणीतरी आवाज खाली आणून म्हणायचं, "आणि त्याच्याकडे चाकू असता तर?"

त्या पाच जणांनी उठायलाच हवं होतं, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. नुसतं ओरडून भागणारं नव्हतं. दोघांनी दंड, दोघांनी पाय धरून त्या माणसाला ओढून बाजूला करायला हवं होतं. तिथं अंगाला हात लावावा की लावू नये, असा प्रश्नच नव्हता. पण चाकूची भीती घालणाऱ्याला नेभळट ठरवून गप्प करावं, असंही मला कधी वाटलं नाही. ती भीती खरी आहे. किती खरी, ते याच शहरानं पुढे पाहिलं.

20 ऑक्टोबर 2011, अंधेरीतलं अंबोली. कीनन सँटोस आणि रूबेन फर्नांडिस मित्रमैत्रिणींबरोबर क्रिकेटची मॅच बघायला आणि जेवायला गेले होते. बाहेर एकानं बरोबरच्या मुलींची छेड काढली. या पोरांनी त्याला हटकलं, पिटाळलं. तो गेला आणि थोड्या वेळात साथीदार आणि हत्यारं घेऊन परत आला. कीनन त्याच रात्री गेला. रूबेन 31 ऑक्टोबरला गेला. एक चोवीस वर्षांचा, दुसरा एकोणतीस. रस्ता ओस नव्हता. माणसं होती, बघत होती. 2016च्या मे महिन्यात चौघांना जन्मठेप झाली. त्या रात्री बरोबर असलेल्या मित्रमैत्रिणींनी साक्षीसाठी वर्षानुवर्षं दिलेला धीर त्या निकालामागे आहे.

हे गाडीत घडलं नाही, रस्त्यावर घडलं. तरी लोकलमध्ये जेव्हा जेव्हा "मध्ये पडावं का" हा विषय निघतो, तेव्हा कीनन आणि रूबेनचं नाव निघतंच, आणि बहुतेक वेळा "बघा, पडले मध्ये आणि जिवाला मुकले" असं म्हणायला निघतं. मला हा निष्कर्ष मान्य नाही. ते मध्ये पडले म्हणून गेले, हे अर्धंच आहे. ते मध्ये पडले आणि त्यांच्या मागून बघ्यांतलं कुणीही आलं नाही. 2002च्या डब्यात पहिला माणूसच उठला नाही. अंबोलीला पहिले उठले, पण त्यांच्यामागे कुणी नव्हतं. आपण सगळी चर्चा पहिल्याची करतो. त्याचं धाडस, त्याचा मूर्खपणा, त्याचं शौर्यपदक. दुसऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या मते सगळं त्या दुसऱ्यावर अवलंबून असतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रात्रीची कल्याण फास्ट होती. लेडीज डबा गाठेपर्यंत गाडी हलली, म्हणून समोर आला त्या जनरल डब्यात चढले. ठाणे गेलं. या मार्गावरच्यांना वेगळं सांगायला नको, ठाणे ते डोंबिवली हा फास्टचा लांबचा पल्ला. 2022पर्यंत फास्ट गाड्यांना कळवा, मुंब्रा बाजूला राहायची आणि गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरायची; ही गोष्ट तेव्हाची. 1916 साली सुरू झालेला हा बोगदा सव्वा किलोमीटरहून लांब आहे. आत गाडी शिरली की शेजारच्याचं बोलणंही नीट ऐकू यायचं नाही.

दारात बाचाबाची सुरू झाली होती. एका पोराच्या पाठीवर मोठी चौकोनी बॅग होती, घरपोच जेवण पोचवणाऱ्यांची असते तशी. ती एका माणसाच्या छातीला लागली. तो माणूस अंगानं दणकट, आणि कशानं तरी आधीच पेटलेला असावा, कारण बॅग लागण्यावर एवढा राग निघत नाही. त्यानं पोराची कॉलर धरली, एक थोबाडीत ठेवून दिली आणि त्याला मागे रेटायला लागला. मागे लोकलचं उघडं दार. पोराचा एक हात मधल्या खांबाला, बॅग अर्धी बाहेर, वाऱ्यानं ओढली जाणारी. तोंडातून शब्द फुटत नव्हता त्याच्या. सीटवरून दोनतीन आवाज आले, "अरे सोड ना", "जाऊ द्या हो". पण ते कुणाला उद्देशून म्हटलेले नव्हतेच, बसल्या जागी तोंडातून निघालेले होते.

चौथ्या सीटवर अर्धे टेकलेले एक गृहस्थ उठले. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, खांद्याला डब्याची पिशवी. ते ओरडले नाहीत, हातही उगारला नाही. "जरा वाट द्या हो, डोंबिवलीला उतरायचंय," असं म्हणत ते सरळ दोघांच्या मधोमध शिरले. पाठ पोराकडे, तोंड त्या माणसाकडे. पिशवी पोटाशी धरलेली. आणि त्यांनी विचारलं ते त्या माणसालाच, "काय झालं? लागलं का तुम्हाला? कुठे लागलं?"

"तू कोण रे?" त्यानं पोराची कॉलर सोडली नाही. दुसऱ्या हातानं यांचा खांदा धरला.

तेवढा वेळ ते गृहस्थ एकटे होते. डबाभर माणसं, आणि ते एकटे. पुढे काय होणार ते त्या वेळात ठरत होतं. मग खिडकीपाशी बसलेला एक तरुण उठला. कानातलं काढून खिशात टाकलं, येऊन गृहस्थांच्या शेजारी उभा राहिला आणि वरची कडी धरली. एक शब्द बोलला नाही. पण तो उठल्याबरोबर सहासात जण उठले, मी उठले, समोरच्या आजी बसल्या जागेवरून खड्या आवाजात म्हणाल्या, "पोरगं पडंल ना खाली! आत घ्या त्याला!" कुणीतरी बॅगेचा पट्टा धरून पोराला आत ओढलं. मी त्याला माझ्या जागेवर बसवलं. कॉलरवरचा हात कधी सुटला ते कळलंही नाही. बोगदा संपला तेव्हा तो माणूस दाराच्या दुसऱ्या कडेला तोंड फिरवून उभा होता आणि त्याच्या आणि पोराच्या मध्ये माणसांची दोन रांगांची भिंत होती.

आता मागून आवाज यायला लागले, "डोंबिवलीला घेऊ याला खाली, दाखवू." मघाशी बसून राहिलेलेच हे बोलत होते. गृहस्थ वळले आणि पहिल्यांदाच जोरात बोलले, "मारायचं नाही कुणी. पोलिसांत द्यायचं तर मी येतो बरोबर." मग ते बसले, पाण्याची बाटली काढली आणि तिचं झाकण त्यांना उघडेना. शेजारच्या माणसानं ती हातातून घेतली आणि उघडून दिली.

त्या रात्री शारीरिक हस्तक्षेप झाला की नाही? झाला. एक माणूस अंगानं मध्ये शिरला, एकानं पट्टा धरून ओढलं. ठोसा कुणीच मारला नाही. आपण "मध्ये पडणं" म्हटलं की सिनेमातली मारामारी डोळ्यांसमोर आणतो आणि मग ते आपल्याच्यानं होणार नाही म्हणून खिडकीबाहेर बघतो. मध्ये पडण्याचे मारामारीच्या अलीकडचे कितीतरी प्रकार आहेत. त्रास होत असलेल्या मुलीला ओळख दाखवून "अगं, तू इथं? ये, इकडे बस" म्हणणं. दारात अडकलेल्याला आत घेणं. गुंडाला वेळ विचारणं, स्टेशन विचारणं. त्याच्या रागाला क्षणभर दुसरीकडे वळवणं. नुसतं जाऊन शेजारी उभं राहणं. हे सगळं शरीरानंच करायचं असतं.

माझ्या या अनुभवाला आधार सापडला तो न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेवरच्या एका जुन्या अभ्यासात. 1969 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासासाठी संशोधकांनी मुद्दाम असा पल्ला निवडला होता की जिथं गाडी साडेसात मिनिटं कुठंच थांबत नाही. वाचताना मला ठाणे–डोंबिवली आठवल्याशिवाय राहिलं नाही. एक माणूस ठरवून डब्यात कोसळायचा; कधी हातात काठी घेऊन, कधी दारूचा वास येणारा. काठीवाल्याला 65 पैकी 62 वेळा प्रवाशांनी आपणहून उचललं. दारुड्याला 38 पैकी 19 वेळा. आणि मदत मिळाली त्यातल्या 60 टक्के वेळा मदत करणारा एक नव्हता, दोन, तीन किंवा त्याहून जास्त होते. एक उठला की दुसरा उठत होता.

कोसळलेल्याला उचलणं आणि मारणाऱ्याला अडवणं यांत फरक आहे, हे खरंच. पण 2019 साली अ‍ॅमस्टरडॅम, इंग्लंडमधलं लँकेस्टर आणि केप टाऊन इथल्या सार्वजनिक ठिकाणच्या कॅमेऱ्यांत टिपलेल्या 219 भांडणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहांपैकी नऊ भांडणांत बघ्यांपैकी कुणीतरी एक मध्ये पडलं होतं, आणि बघे जितके जास्त तितकी कुणी मध्ये पडण्याची शक्यता जास्त. गर्दी म्हणजे षंढांचा घोळका, असं आपण उठता बसता म्हणतो. ते तितकं खरं नाही. गर्दीत उठणारी माणसं असतात. त्यांना सुरुवात हवी असते.

गर्दीचं मला खरं भय वाटतं ते दुसऱ्याच ठिकाणी. पाकीटमार सापडला की काय होतं ते लोकलमध्ये कुणी पाहिलं नाही? एरवी जिवाच्या भीतीनं जागेवर खिळलेली माणसं पाकीटमार धरला गेला की हात मोकळे करून घेतात. त्याचे हात धरलेले असतात, तो खाली पडलेला असतो, तरी लाथा बसत राहतात. ज्याचं पाकीट गेलं तो बाजूलाच राहतो आणि ज्याचा काही संबंध नाही तो दिवसभराचा राग काढून घेतो. धोका टळल्यानंतर उगारलेला हात वाचवण्यासाठी नसतो. माझ्या लेखी तो त्या दणकट माणसाच्या हातापेक्षा वेगळा नाही.

1 मे 2023 रोजी न्यू यॉर्कच्याच भुयारी रेल्वेत जॉर्डन नीली नावाचा तीस वर्षांचा बेघर माणूस डब्यात आरडाओरडा करत होता. प्रवासी घाबरले होते. एका माजी मरीन सैनिकानं मागून त्याचा गळा हाताच्या विळख्यात धरून त्याला खाली पाडलं. गाडी स्टेशनात आली, दारं उघडली, पुष्कळ जण उतरले, आणि गळ्याभोवतीचा विळखा सुटला नाही. सगळं मिळून सुमारे सहा मिनिटं. नीली मेला. डिसेंबर 2024 मध्ये ज्यूरीनं त्या माजी सैनिकाला निर्दोष ठरवलं. तिथल्या कायद्यानं काय ते ठरवलं. पण मला ते दार उघडलं तो क्षण सोडवत नाही. डबा रिकामा होऊ शकत होता, म्हणजे धोका संपवण्याचा दुसरा मार्ग तेव्हा समोर होता. मध्ये पडताना त्या माजी सैनिकाच्या मनात इतरांना वाचवायचं असेलही. हात कधी काढायचा, हे त्याला कळलं नाही, आणि त्याचा हात वेळेवर सोडवणारं तिथं कुणी नव्हतं. म्हणून दुसरा माणूस पहिल्याला बळ द्यायला लागतो तसा त्याला आवरायलाही लागतो.

आपला कायदा याबाबतीत लोकांना वाटतो त्याहून शहाणा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 35 स्वतःच्याच नव्हे, इतर कुणाच्याही शरीराचा बचाव करण्याचा हक्क देतं. जुन्या दंडसंहितेतही तो होताच. कलम 37 त्याला मर्यादा घालतं: बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. धावत्या गाडीत, उघड्या दारात, तो वेळ नसतो. फलाटावर गाडी उभी असताना असतो. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला साधा नागरिकही धरून ठेवू शकतो. त्याला लवकरात लवकर, फार तर सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. धरून ठेवायचं, मारायचं नाही. गाडी थांबवायच्या चेनचंही तसंच. रेल्वे कायद्याच्या कलम 141 खाली शिक्षा आहे ती पुरेशा कारणाशिवाय चेन ओढण्याला. कुणाच्या जिवावर बेतलं असेल तर कारण पुरेसं आहे. मात्र कुठं ओढायची याचा विचार हवा. बोगद्यात किंवा खाडीवर गाडी उभी राहिली तर हल्लेखोर आपल्यात तितका जास्त वेळ राहतो आणि पोलीस लांब. पुढचं स्टेशन दोनतीन मिनिटांवर असेल तर तिथवर तग धरणं बरं.

तरीही माणसं कायद्याला घाबरतात, आणि त्यात त्यांचा दोष मला फारसा दिसत नाही. "उगाच पोलिसांचं लफडं नको" हे वाक्य मारापेक्षा जास्त लोकांना जागेवर बसवून ठेवतं. जबाब, मग समन्स, मग तारखा, रजा, पगार कापला जाणं. रस्त्यावरच्या अपघातात जखमीला मदत करणाऱ्याला 2019च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात संरक्षण दिलं. त्याला नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. त्याचा परिणाम व्हायला वेळ लागेल, पण दिशा बरोबर आहे. गाडीत कुणाला तरी वाचवणाऱ्यासाठी असंच काहीतरी लिहून ठेवायला हवं: जबाब एकाच वेळी, त्याच्या सोयीच्या ठिकाणी, आणि साक्षीच्या दिवसाची भरपाई. हे मागायला हवं. रेल्वेच्या प्रवासी संघटना गाड्यांच्या वेळा आणि डब्यांची संख्या यांसाठी जिवाचं रान करतात; या मागणीसाठीही त्यांनी भांडावं.

पण कायदा काहीही म्हणो, आधी उठायचं असतं ते डब्यातल्यांनीच. 28 ऑगस्ट 2024 रोजी धुळे–सीएसएमटी एक्स्प्रेसमध्ये सत्तरी ओलांडलेल्या एका मुस्लिम वृद्धाला गोमांस नेत असल्याच्या संशयावरून तरुणांच्या टोळक्यानं मारलं, शिव्या दिल्या. ते जळगाव जिल्ह्यातून कल्याणला लेकीकडे निघाले होते. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. डबा भरलेला आहे, आजूबाजूला माणसं आहेत. मोबाइल वर आहेत. चित्रफितीमुळे मारणारे ओळखता आले आणि पकडले गेले, हे मी नाकारत नाही. कुणीतरी चित्रण करायलाच हवं. पण डब्यात पन्नास माणसं असतील तर चित्रणाला एक मोबाइल पुरतो, बाकीच्यांचे हात मोकळे असायला हवेत. समोर टोळकं असतं तेव्हा एकट्यानं उठू नये, हे मीही सांगेन. अशा वेळी शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघून "तुम्ही येता का? चला" एवढं विचारावं. त्या म्हाताऱ्या माणसाच्या बाजूला चार जण बसले असते तरी पुरलं असतं. हे बळाचं गणित नाही. मारणाऱ्याला आपण एकटे नाही असं वाटतं तोवर तो मारतो. डबा आपल्या विरुद्ध आहे असं वाटलं की तो चाचरतो.

लेडीज डब्याला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एखादा पुरुष चुकून किंवा मुद्दाम आत शिरला की एकीनं "ओ, लेडीज डबा आहे!" म्हणायचा अवकाश, सगळा डबा ओरडतो, आणि पुढच्या स्टेशनला तो उतरतोच उतरतो. पहिली कोण बोलली हे नंतर सांगताही येत नाही. रात्री उशिरा डबा रिकामा होत जातो तशा बायका विखुरलेल्या जागा सोडून एका टोकाला येऊन बसतात. पोलीस डब्यात असला तरी. हे कुणी शिकवलेलं नाही. सीटवरून एकमेकींच्या झिंज्या उपटायला निघालेल्या बायकाही या बाबतीत एक होतात. जनरल डब्यात भजनी मंडळं आहेत, पत्त्यांचे ग्रुप आहेत, वर्षानुवर्षं एकाच दारात उभे राहणारे आहेत. त्यांनी मनात आणलं तर तो डबा एका दिवसात बदलेल. हे ग्रुप आज जागा अडवण्यासाठी एक होतात, तेच दारात रेटल्या जाणाऱ्या पोरासाठी एक होऊ शकतात.

तेव्हा एवढी विनंती आहे. आज संध्याकाळी गाडीत बसाल तेव्हा चेन कुठे आहे ते एकदा बघून ठेवा. रेल्वेच्या मदतीचा 139 आणि रेल्वे पोलिसांचा 1512 हे दोन नंबर फोनमध्ये घाला. आणि डब्यात कुणी कुणाला वाचवायला उठलेलं दिसलं, तर आपली जागा जाईल याचा विचार न करता उठा आणि त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा.